डबीतले पाच दाणे

१

साहेब, तुम्ही चोर शोधला नाही. तुम्ही आडनाव पाहिलं.

बोरखडीच्या चौकीत त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही पंचफुला आत्रामला आणून बसवलंत. तुमच्यापुढे ना तक्रारीचा कागद होता, ना साक्षीदार, ना चोरीचा माल. चोरी झाली होती नऊशे किलोमीटरवर, समुद्रकाठी, आठ दिवसांपूर्वी. तुमच्याकडे होता एक फोन, आणि त्या लग्नाला गेलेल्या अकरा माणसांची यादी. दहा जण एकाच भावकीतले. अकरावी स्वयंपाकाला नेलेली गोंडाची बाई. तुमचं बोट बरोबर अकराव्या नावावर जाऊन थांबलं. एवढ्या झटपट तपासाला सरकार कशाला पगार देतं, हे कुणी तरी एकदा सांगावं.

नवरीची मावशी आनंदाबाई सिंदी मेघेहून दोन ऑटो बदलून चौकीत पोचल्या तेव्हा साडेदहा झाले होते. मे महिना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. चौकी म्हणजे एक आतली खोली आणि पुढे टिनाचा लांबट पॅसेज. आतल्या खोलीत कूलर होता. पॅसेजमध्ये जाळीची एक खिडकी, भिंतीला लावलेला बाक, आणि बाकावर पंचफुला.

आनंदाबाईंनी सेवाग्रामच्या दवाखान्यात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली होती. माणूस किती वेळ एका जागी बसून आहे, हे त्यांना त्याच्या पायांवरून कळायचं. पंचफुलेचे पाय सुजले होते आणि अनवाणी होते.

"चपला कुठं आहेत वो तुह्या?"

"काढून घेतल्या, बाई. फोन बी घेतला. बाहेर जाऊ देत नाईत. जाच लागलं तं संग बाई पोलीस पायजे म्हनते, आन बाई पोलीस आजच सुट्टीवर."

"पाणी?"

"पानी देल्लं. पण पेऊ कशी? पेलं तं बाहेर जाच लागन."

आनंदाबाई आत गेल्या. साहेबांनी मान वर केली नाही.

"साहेब, या बाईची नोंद केली का तुम्ही?"

"नोंद केली तर तिची नोकरी जाईल. मी तर उपकारच करतोय." साहेबांनी कूलरची दिशा जराशी आपल्याकडे वळवली. "तुमच्या घरातलीच वस्तू आहे ना? मग तिला समजवा. वस्तू काढून दे म्हणावं, विषय संपला. मला कागद काळे करायची हौस नाही."

"आणि नाई देल्ली तं?"

"पाच वाजता वर्ध्याला पाठवतो. मग तिथं होईल नोंद."

पंचफुला गेली अकरा वर्षं एका आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाक करत होती. कायम करायच्या यादीत यंदा पहिल्यांदा तिचं नाव लागलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण चौकीची बातमी गावातून शाळेत पोचली होती आणि सकाळीच मुख्याध्यापकाने तिच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं: पोलिसांचा कागद आणा, मगच किचनमध्ये पाय ठेवा.

म्हणजे गप्प बसली तर वर्धा, आणि न केलेलं कबूल केलं तरी नोकरी गेलीच. बाकाला दोन टोकं होती आणि दोन्हीकडे भिंत होती.

आनंदाबाई तिच्याजवळ टेकल्या. "मले सांग, त्या सकाळी काय काय झालं? वेळेसकट सांग."

"आठ वाजता तुमच्या रूपरावभाऊनं पेटीतून डबी काढून पायली. एकदानी होती तवा. मंग लॉजच्या खोलीले कुलूप लावून किल्ली मायाकडे देल्ली. मी दारातच रुखवताचे सरगुंडे, कुरड्या लावत होती. दहा वाजता आंघोळीले गेली, साडेदहाले आली. किल्ली रांधायच्या पडवीत दाराआडच्या खिळ्याले टांगली होती. आली तवा तथीच होती. खोलीचं कुलूप जसंच्या तसं."

"साडेअकराले नवरीले घालाले डबी उघडली, तं एकदाणी नाई."

"हाव." पंचफुला जाळीतून बाहेर पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, थो खिळा दाराआड होता. लॉजवाल्याले बी मालूम नव्हता. ज्यानं घेतलं, त्याले खिळा मालूम होता. म्हंजे थे मानूस आपल्यातलंच आहे."

२

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एक सर. आनंदाबाईंची आई सखूबाई हिची ती. सखूबाई गेली तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, की ही धाकटीच्या पोरीची, वर्षालीची; तिच्या लग्नापर्यंत रूपरावाच्या घरी राहील. धाकटी बहीणही पुढे लवकर गेली. वर्षाली नर्सिंग शिकली, कोकणात दापोलीकडे वेळणे नावाच्या गावी नोकरीला लागली आणि तिथल्याच मुलाशी तिचं जमलं. मामा म्हणून रूपराव घरचं सगळं बिऱ्हाड टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घालून बावीस तास प्रवास करून गेला. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि भाचीला उघड्या गळ्याने बोहल्यावर चढवून परत आला.

नवरदेवाकडे बभ्रा नको, म्हणून वर्षालीला सांगितलं होतं की मामा एकदाणी घरी विसरला.

आनंदाबाई भावाच्या घरी पोचल्या तेव्हा रूपराव छपरीत भेंडीचा ढीग घालून बसला होता. कोवळी एकीकडे, जून एकीकडे. देवळीच्या बाजाराची गाडी दुपारी भरायची होती. बाजूला खाटेवर बबनराव, त्याचा चुलतभाऊ, आणि खुर्चीवर रूपरावाचा जवाई धीरज. जवाई म्हणून त्याला खुर्ची.

"बबनराव, साहेबांले फोन तूच केलता ना?"

"म्या नाव नाई घेतलं कोनाचं, ताई. साहेबांनं यादी मागतली, म्या यादी देल्ली."

"यादीत तुह्यं नाव कितवं होतं?"

"पहिलं."

"मंग साहेबाचं बोट पहिल्यावर काऊन नाई थांबलं?"

बबनरावाने खिशातला रुमाल काढून मान पुसली. "तुम्ही तं बोलनंच उलटं करता. आपल्या घरात कोनी असं करन का? भावकीतलं मानूस आहे का थे?"

"भावकीतले लोकं काय काय करते थे मी चौतीस वर्सं वार्डात पायलं. इस्टेटीसाठी बापाची सलाईन बंद कराले सांगनारे बी भावकीतलेच होते." आनंदाबाईंनी भेंडीचा एक डाला आपल्याकडे ओढला आणि निवडायला लागल्या. रिकाम्या हातांनी बोललं की माणसं सावध होतात, हे त्यांना ठाऊक होतं. "दहा ते साडेदहा, कोण कुठं होतं?"

बबनराव आणि रूपराव मांडवात देवकाच्या पूजेला बसले होते. ते खुद्द आनंदाबाईंनी पाहिलं होतं. गुडघे धरले म्हणून त्या तिथेच खुर्चीवर बसून होत्या. बाकीचे चौघे नवरदेवाकडच्या नाश्त्याच्या पंगतीत, चाळीस माणसांसमोर.

"जवाईबापू?"

"न्हाव्याकडं होतो, आत्या. नऊ ते साडेअकरा."

"अडीच घंटे? दाढीच होती का कापसाचं वावर?"

रूपराव आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. धीरज लाजला. "फेशियल केलं. दहा वाजता तथी सेल्फी बी काढला. तोंडावर लेप होता, थे पोट्ट्यांनी पायलं, अजून चिडवून राह्यले."

हसणं विरलं. रूपरावाने हातातली भेंडी मोडली, पाहिली, टाकली.

"बाई, मले एवढंच वाटते. पंचफुलेनं नाई घेतली असन तं बरं. पण मंग घेतली कोनं? डबी तं तशीच होती. डबीवरच्या साडीची घडी बी मोडली नव्हती. डबीत नुसते तांदळाचे पाच दाने पडून होते."

आनंदाबाईंचे हात थांबले.

"किती म्हणाला?"

"पाच. अक्षता पडल्या असन म्हटलं."

३

डबी रूपरावाने आणून दिली. चांदीची, चपटी, झाकण जरासं दबलेलं. त्या दिवसापासून ती कुणी उघडलीच नव्हती. आनंदाबाईंनी उघडली. आत पाच दाणे. अख्खे, स्वच्छ, पांढरे.

"रूपराव, लग्नात अक्षता कोणत्या रंगाच्या होत्या?"

"लाल. कुंकवाच्या. आमीच इथून रंगवून नेल्त्या."

"अन् हे?"

रूपरावाने डबीत पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि त्याला काही कळलं नाही. त्याला कळायचं कारण नव्हतं. या घरात सोन्याची डबी पुरुषांनी फारशी हाताळली नव्हती. सखूबाईची एक रीत होती. एकदाणी डबीतून काढली, की डबीत तांदळाचे पाच दाणे घालायचे. सोन्याची डबी रिकामी मिटायची नाही. वर्षातून एकदा, भाद्रपदात, ज्येष्ठा महालक्ष्मीच्या गळ्यात एकदाणी घालताना घरच्या बायका ते दाणे टाकायच्या. बोलून दाखवायच्या नाहीत, टाकायच्या. आनंदाबाईंच्या हातालाही ते वळण होतं.

जो चोर असतो तो डबीसकट नेतो. फारच हुशार असला तर डबी रिकामी ठेवून जातो. पण डबी रिकामी मिटायला ज्याचा हातच धजत नाही, तो चोर या घरातल्या बायकांच्या हाताखाली तयार झालेला असतो.

पंचफुला या घरची नव्हती. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक तिने केला होता, पण देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे. डबी तिला कधी कुणी दाखवली नव्हती. अलीकडेच ठेवलं होतं ना या घराने तिला? ते अलीकडे असणंच आता तिच्या बाजूने साक्ष देत होतं.

रीत माहीत असलेल्या बायका तीन उरल्या. रूपरावाची मुलगी स्वीटी. रूपरावाची बायको उज्वला. आणि आनंदाबाई स्वतः.

स्वीटी माजघरात पंख्याखाली बसली होती.

"मी तं वर्षालीताईसंग होती, आत्या. साडेनऊपासून. तिचे फोटो काढाले समुद्राच्या बांधावर गेलतो आमी. साडेअकराले संगच आलो. फोटोवाल्याले विचारा, मी हर फोटोत घुसली म्हणून रागावला तो मले."

उज्वला स्वयंपाकघरात कैरीचं पन्हं ढवळत होती. पन्नाशीची, हाडाने बारीक, कामाला वाघीण. तिने पेला पुढे केला.

"घ्या वन्सं. उन्हातून आल्या."

"तिकडं पंचफुला पाणी पेत नाई, उज्वला. पेलं तं बाहेर जाऊ देत नाईत."

उज्वलेच्या हातातला पेला हलला नाही. पण तो खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला.

"मले बी विचारता का?"

"सगळ्यायले विचारून राह्यली."

"मी नवरदेवाकडं हळदीच्या कामात होती. दहाले तथून निघाली, समुद्राची ओटी भराले. एवढा मोठा देव, बिना ओटीचं कसं यावं? काळ्या खडकापर्यंत चालत गेली. थो नाई का, लाल झेंड्याची काठी आहे त्यावर? नारळ, खण, कुंकू वाह्यलं. वीस मिनिटं बसली तथी. पाय सुद्धा ओला नाई झाला. मंग पावणेअकराले लॉजवर आली." तिने पदराने कपाळ टिपलं. "फोटो तं ग्रुपवर टाकला होता ना. पाहा तुमच्या मोबाइलात."

आनंदाबाईंनी पाहिलं. फोटो होता. काळा, कोरडा खडक. त्यात रोवलेली माणूसभर उंचीची चुन्याने रंगवलेली काठी, वर लाल फडकं. काठीच्या बुडाशी नारळ, हिरवा खण, आणि कुंकू लावणारा उज्वलेचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. वेळ: दहा पंचवीस.

म्हणजे स्वीटी बांधावर. उज्वला खडकावर. दोघींचेही फोटो. दाणे मात्र घरच्याच बाईचे.

दुपारचे अडीच वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या राहून आनंदाबाई बोटांवर मोजू लागल्या. तीन बायकांतल्या दोघी सुटल्या होत्या. हिशेबाने उरत होत्या त्या एकट्याच, आणि त्या तर मांडवात बसून होत्या.

४

"स्वीटे, तुह्ये फोटो दाखव बरं."

स्वीटीने मोबाइल दिला. शंभर-दीडशे फोटो. वर्षाली पिवळ्या साडीत, बांधावर बसलेली, उभी, हसणारी, केस सावरणारी. जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला स्वीटीचं नाक किंवा खांदा. मागे निळंकरडं पाणी. पाणी अगदी बांधाशी आलेलं, शिंतोडे उडताना दिसत होते.

आनंदाबाईंनी चष्मा पुसला. दवाखान्यात रात्रपाळीच्या पोरींना त्या एकच गोष्ट शिकवायच्या: तापाचा आकडा लिहिला पण वेळ नाही लिहिली, तर तो आकडा फेकून द्या. त्यांनी फोटोची वेळ पाहिली. दहा बावीस.

"तुह्या आईनं ओटी भरली थो खडक इथून दिसते का?"

"हाव, समोरच. आमी पोचलो त्या दिवशी संध्याकाळी तथी जाऊन बसलतो ना सगळे."

"मंग या फोटोत दाखव मले."

स्वीटीने फोटो मोठा केला. डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. "अथीच तं होता..." मग तिचं बोट थांबलं. बांधापासून थोड्या अंतरावर, भर पाण्यातून, हातभर पांढरी काठी वर आलेली होती. वर लाल फडकं. खाली खडक नव्हता. खाली पाणी होतं.

"आत्या, काठी बुडाली कशी?"

आनंदाबाईंनी फोटो आणखी मोठा केला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पवनारला धाम नदीत उन्हाळ्यात जो खडक सकाळी कोरडा असतो, तो संध्याकाळीही कोरडाच असतो. बोरधरणाचं पाणी एका दिवसात माणूसभर चढत नाही. पाण्याची जागा ठरलेली असते. वर्ध्याच्या माणसाला पाणी असंच ठाऊक असतं.

त्यांनी अंगणात जाऊन वर्षालीला फोन लावला.

"मावशी, एकदाणी सापडली का घरी?" पोरीने आधी तेच विचारलं. "मामाले म्हणजो, टेन्शन नको घेऊ. विसरला तं विसरला. आईची आहे, कुठं जाते?"

आनंदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सापडन. मले एक सांग. थो लाल झेंड्याचा खडक आहे ना, बांधासमोरचा. तुह्या लग्नाच्या दिवशी सकाळी दहा पंचवीसले त्यावर जाऊन बसता आलं असतं का?"

"दहा पंचवीसले?" वर्षाली हसली. "गळ्यापर्यंत पाणी असन, मावशी. त्या दिवशी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती, तवा कोरडा होता. मंग भरती लागली. रोज वेळ बदलते, इथं सगळे कॅलेंडरमध्ये पाहूनच पाण्यावर जाते. म्हणून तं काठी लावली आहे, होडीवाल्यांले खडक कळावा म्हणून. काऊन?"

"उगाच. अन् तथून मोबाइलवरून फोटो पाठवता येते का?"

"छे. बांधापासून पुढं रेंजच नाई. सासरच्या घरी बी नाई तुमच्या सिमले. लॉजवर वायफाय आहे, तथीच तं सगळे चिकटून बसलते. पाठवलेला फोटो अडकून राह्यते, वायफायमध्ये आलं की आपोआप जाते."

आनंदाबाईंनी फोन ठेवला. 

ओटी सातला भरली होती, सगळे प्रवासाच्या थकव्याने झोपलेले असताना. फोटो तेव्हाच पाठवला आणि अडकला. तिथून उज्वला थेट नवरदेवाकडे हळदीला गेली. आणि दहा पंचवीसला फोटो सुटला, कारण दहा पंचवीसला तो मोबाइल लॉजवर होता.

जो फोटो उज्वलेला वाचवत होता, तोच सांगत होता की पंचफुला मोरीत असताना ती कुठे उभी होती.

५

पेचात कोण नव्हतं त्या घरात? आनंदाबाईंनी तोंड उघडलं तर भावाचं घर फुटणार. नाही उघडलं तर पाच वाजता एक बाई गाडीत बसणार. साडेतीन झाले होते.

त्या देवघरात गेल्या. उज्वला आधीच तिथे होती, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीसमोर, हात पेटीवर ठेवून.

"स्वीटी म्हणाली, तुम्ही फोटो पाहून राह्यल्या."

"समुद्राचं पाणी हालते, उज्वला. सकाळी खाली, दुपारी वर. तुले मालूम नव्हतं. मले बी आजच समजलं."

उज्वलेने मान खाली घातली. मग पेटीची कडी काढली. ही पेटी भाद्रपदाशिवाय उघडत नसे. मऊ धोतराच्या फडक्यात दोन पितळी मुखवटे होते, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ज्येष्ठेच्या गळ्याशी एकदाणी गुंडाळलेली होती.

"सव्वीस वर्सं मी हे घालून राह्यली तिच्या गळ्यात," उज्वला म्हणाली. "माया गळ्यात एक दिवस नाई घातली. विचारा तुमच्या भावाले. हळदीकुंकवाले गावातल्या बायका येते, पहिले तिचा गळा पाहते. आता यंदा काय घालू? बेन्टेक्सची माळ? सासूबाईंनी सांगतलं, वर्षालीची. ठीक आहे. पण ज्येष्ठेले कोनं विचारलं? मले कोनं विचारलं? सांभाळाची मी, द्याची तुम्ही."

"मागून घ्याचं होतं."

"मागून भेटली असती?"

आनंदाबाईंनी ज्येष्ठेच्या गळ्यातून एकदाणी सोडवली.

"मले वाटलं, हरवली म्हणतीन. दोन दिवस रडतीन, सोडून देतीन. कोनाचं नाव येईन असं डोक्यात बी नव्हतं. बबनभाऊजींनं फोन केला, तवा म्हटलं, उद्या सांगतो. सकाळी तिले नेलं, तवा म्हटलं, दुपारी सांगतो." तिचा आवाज चिरकला. "वन्सं, मी चोर नाई."

"असशीन नसशीन, थे तुह्यं तू पाय. पण आठ दिवस तू गप्प होती अन् सकाळपासून थे बाकावर आहे. चोरी डबीतली नाई मोजत मी. हे मोजतो." आनंदाबाईंनी मुखवटा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला, एकदाणी मात्र बाहेर. "ऊठ. पायात चपला घाल."

"माह्या नवऱ्याले..."

"त्याले बी घेऊन चाल. भेंडी राहू दे."

६

चौकीत पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. वर्ध्याला जायची गाडी दारात उभी होती. मागून बबनरावही मोटारसायकलवर आला.

उज्वलेने साहेबांच्या टेबलावर एकदाणी ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खडक, फोटो, खिळा, किल्ली, दाणे. काही लपवलं नाही. रूपराव भिंतीकडे तोंड करून उभा होता.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग शिपायाला हाक मारली.

"अरे, ताईंना खुर्ची दे. पाणी आण, गार आण."

खुर्ची आली. पाणी आलं. कूलरचं तोंड वळवलं गेलं. साहेबांचा आवाज देवळातल्यासारखा मऊ झाला.

"असं होतं हो घराघरात. देवाची भावना असते माणसाची. वस्तू मिळाली, घरातल्या घरात राहिली. मिटवून टाका. ही काय पोलिसात यायची गोष्ट आहे का, बबनराव?"

"मी तेच म्हनतो," बबनराव म्हणाला.

आनंदाबाई टेबलाशी उभ्याच होत्या. "साहेब, सकाळी ही चोरी होती ना?"

"सकाळी माहिती वेगळी होती."

"माहिती तीच होती. डबी तीच, एकदाणी तीच. चोर बदलला. मंग गुन्हा कसा काय बदलला?"

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. उगाच वाढवू नका. तुमच्याच वहिनीला आत टाकू का?"

"मी तसं नाई म्हणाली. मी म्हणाली, पंचफुलेले बी सकाळी खुर्ची काऊन नाई भेटली?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पॅसेजकडे हात हलवला. "ए, जा तू. सोडलं तुला. चपला घे तिच्या, फोन दे तिचा."

शिपायाने चपला बाकाखाली टाकल्या. दार उघडं होतं. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, आणि फाटकापाशी तिचा नवरा सायकल धरून सकाळपासून उभा होता. उज्वला खुर्चीतून उठून तिच्यापाशी गेली, खाली वाकली, काही बोलू पाहत होती. पंचफुलेने पाय मागे घेतले. तिच्याकडे पाहिलंही नाही.

पंचफुला उठली नाही.

"आता काय?" साहेब दारापर्यंत आले.

"कागद पायजे, साहेब."

"कसला कागद?"

"मी चोरी नाई केली असा. तुमच्या सही-शिक्क्याचा. शाळेत द्याचा आहे. सोमवारी."

साहेब हसले. खरोखर गंमत वाटली त्यांना. "अगं, तुझ्यावर गुन्हाच नाही दाखल. तुला अटक नाही केली. चौकीच्या वहीत तुझं नावसुद्धा नाही. जिची नोंदच नाही तिला निर्दोष कसं लिहून देऊ? आम्ही तुला आणलंच नाही, कागदावर."

आतल्या खोलीत कूलर चालू होता. रूपरावाने भिंतीकडचं तोंड वळवलं. बबनराव मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत होता, ती थांबली. आनंदाबाई टेबलापासून बाजूला झाल्या. हे बोलणं त्यांचं नव्हतं.

पंचफुलेने सुजलेले पाय बाकावर वर घेतले, मांडी घातली, आणि पदर नीट केला. सकाळपासून तिला या बाकावरून उठू दिलं नव्हतं. आता तिला कुणी उठवू शकत नव्हतं.

"नोंद नाई म्हनता," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण फाटकापर्यंत गेला. "मंग सकाळी नऊपासून या बाकावर कोन बसलं होतं, साहेब? थे लिहून द्या मले."